साथ आल्यावर गोवराची मोहीम म्हणजे वरातीमागून घोडं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. नाशिकमध्ये तुम्ही राहता त्या वस्तीत गेल्या काही आठवड्यांत गोवराची मुलं निघाली, रक्ताचे नमुने पॉझिटिव्ह आले आणि आता नऊ महिने ते पाच वर्षांच्या सरसकट सगळ्या मुलांना लशीचा जादा डोस द्यायचं ठरलं आहे. तुमच्या मंडळाकडे मदत मागितली आहे. लोक तुम्हाला विचारतात, "आमच्या पोराचे दोन्ही डोस झालेत, कार्डावर लिहिलंय, मग पुन्हा कशाला?" आणि तुम्हाला स्वतःलाही वाटतं की साथ पसरल्यावर लस टोचत फिरणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्यापेक्षा ज्यांची लस राहिली तेवढीच पोरं शोधावीत, काम कमी होईल आणि फायदा तेवढाच मिळेल.

शंका रास्त आहे. मी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात केली आणि नोकरीची बरीच वर्षं लसीकरणातच काढली. हीच शंका मला नव्या डॉक्टरांनी विचारली आहे, सरपंचांनी विचारली आहे, आणि एकदा एका मुकादमाने फार मुद्देसूद विचारली होती. यात खरं तर दोन प्रश्न आहेत: उशीर झाला का, आणि सगळ्यांनाच कशाला. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी उशिराचं. गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेलं तरी त्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते मूल इतरांना रोग देत असतं, म्हणजे नुसतं सर्दी-ताप-खोकला आणि लाल डोळे असतात तेव्हापासून. लस न झालेल्या मुलांच्या घोळक्यात एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. लागण झाल्यापासून पुरळ यायला साधारण दोन आठवडे लागतात, कधी सात दिवस, कधी एकवीस. याचा अर्थ असा की आज तुम्हाला जे पुरळ दिसतंय ती लागण दोन आठवड्यांपूर्वीची आहे, आणि त्या मुलांनी ज्यांना रोग दिला ती मुलं आत्ता अंगणात खेळत आहेत.

त्या खेळणाऱ्या मुलांपैकी ज्यांना लागण होऊन चार-पाच दिवस झाले, त्यांना आजची लस वाचवणार नाही. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो, पण एवढ्या वेळात पोहोचणं क्वचित जमतं. इथपर्यंत तुमचं घोडं वरातीमागेच आहे, मान्य.

पण साथ एका पिढीत संपत नाही. पहिल्या मुलांकडून दुसऱ्यांना, दुसऱ्यांकडून तिसऱ्यांना अशी ती दर दोन आठवड्यांनी एक पाऊल टाकते, आणि मोठ्या शहरात कित्येक महिने चालते. मोहीम या तिसऱ्या-चौथ्या पावलासाठी असते. एकेकाळी जागतिक पातळीवरसुद्धा मत तुमच्यासारखंच होतं, की दाट वस्तीत गोवर इतक्या वेगाने फिरतो की मोहीम उभी राहीपर्यंत सगळं उरकलेलं असतं. त्या मताला धक्का बसला तो आफ्रिकेतल्या साथींच्या अभ्यासांनी. नायजर देशाची राजधानी नियामे इथे २००३-०४ मध्ये मोठी साथ आली. मोहीम सुरू झाली ती साथीला पाच महिने उलटल्यावर. अभ्यासकांनी नंतर आकडेमोड केली तेव्हा दिसलं की शहरात साथ समजत होते त्यापेक्षा बरीच हळू सरकत होती, आणि मोहीम आधी झाली असती तर पुष्कळ मुलं वाचली असती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या काळात व्यापक लसीकरण करण्याच्या बाजूने मार्गदर्शक सूचना काढल्या.

दुसरं उदाहरण २०१९ चं, सामोआ या बेटांच्या देशातलं. लोकसंख्या जेमतेम दोन लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. तिथे लसीकरण आधीच कोसळलेलं होतं. साथीत ५,७०० हून अधिक रुग्ण झाले आणि ८३ जण दगावले, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. नोव्हेंबरच्या मध्याला आणीबाणी जाहीर झाली, डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने दोन दिवस अख्खा देश बंद ठेवला, ज्या घरात लस न झालेलं कोणी असेल त्या घराबाहेर लाल फडकं बांधायला सांगितलं आणि पथकं दारोदार फिरली. लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि डिसेंबरअखेर आणीबाणी उठवता आली. उशीर तिथेही झालाच होता, ८३ जीव गेले. पण मोहीम न करता साथ आपोआप संपू दिली असती तर किती गेले असते याचा विचार करा.

उशिराचा आणखी एक व्यावहारिक परिणाम तुमच्या डोक्याला ताप देणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मोहिमेनंतरचे दोन-तीन आठवडे गोवराची नवी मुलं निघतच राहतील. ज्यांना लसीआधीच लागण झालेली होती ती ही मुलं. शिवाय लशीनेसुद्धा सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना ताप येतो, काहींच्या अंगावर हलकं पुरळ उठतं. वस्तीत लगेच बोललं जातं, "लस दिली म्हणूनच गोवर आला." हे मोहिमेच्या आधी सांगितलंत तर लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील. नंतर सांगितलंत तर ती सारवासारव वाटेल.

आता दुसरा प्रश्न, सगळ्यांनाच कशाला. इथे थोडी बेरीज-वजाबाकी करू. समजा तुमच्या वस्तीत १,००० मुलं आहेत. ९०० जणांनी पहिला डोस घेतला, त्यातल्या ८०० जणांनी दुसराही. कागदावर हे चित्र मुळीच वाईट नाही. नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांना लागू पडतो, कारण आईकडून आलेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं काही बाळांमध्ये तोवर शिल्लक असतात आणि ती लशीतल्या विषाणूलाच निकामी करतात. म्हणजे एकच डोस झालेल्या १०० पैकी १५ उघडी, संरक्षण नसलेली. दोन्ही डोस झालेल्यांत शंभराला तीनेक उघडी राहतात, म्हणजे ८०० मध्ये २४. आणि एकही डोस नसलेली १००. एकूण १३९, जवळजवळ १४ टक्के. गोवर थोपवायचा तर ९५ टक्के मुलं सुरक्षित हवीत, म्हणजे उघडी मुलं पन्नासच्या आत यायला हवीत.

तुम्ही म्हणाल, मग तेच तर मी म्हणतोय: ती शंभर बिनडोसाची आणि शंभर एकडोसाची शोधा, टोचा, काम झालं. हिशेब म्हणून तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. यादी खरी असेल तर.

आणि नेमकी तीच खरी नसते. यादी खरी असती, उरलेली मुलं कोण आणि कुठे हे कुणाला माहीत असतं, तर बहुधा तुमच्याकडे साथ आलीच नसती. ज्या वस्तीत गोवराची आठ-दहा मुलं एका महिन्यात निघतात, तिथल्या नोंदी कितीही नीटनेटक्या दिसोत, त्यांच्यावर विसंबून मोहीम आखायची नाही, असं माझं ठाम मत आहे. कार्ड हरवलेलं असतं, किंवा गावाकडे सासूच्या पेटीत असतं. "लस झाली का?" असं विचारलं की आई हो म्हणते, आणि तिच्या मनात पोलिओचे थेंब असतात. मांडीतली झाली, गोवराची दंडातली राहिली, असंही होतं. कागदावरच्या खुणा आणि मुलाच्या रक्तातलं संरक्षण या दोन गोष्टींत अंतर असतं, आणि ते अंतर मोजायला प्रत्येक मुलाची रक्ततपासणी करायची तर साथ संपूनही तपासणी चालूच राहील.

म्हणून आपण उलट बाजूने जातो. जादा डोसाने नुकसान होत नाही. ज्याच्या अंगात आधीच प्रतिपिंडं आहेत त्याच्या बाबतीत ती लशीतल्या विषाणूला तिथल्या तिथे संपवतात, विषय मिटला. दोन्ही डोस झालेल्या मुलाला तिसरा देणं ही यादीवर विश्वास न ठेवण्याची किंमत आहे, आणि ती फार स्वस्त पडते. वेळही वाचतो: प्रत्येक दारात कार्ड शोधत, तारखा जुळवत बसलं की पथकाची सकाळ दहा घरांतच जाते.

सरसकट देण्याचा आणखी एक फायदा आहे, तो कुठल्या पुस्तकात फारसा नसतो. सगळ्यांना देताय म्हटल्यावर कुणाला "माझ्या बाळाचं राहिलंय" असं कबूल करावं लागत नाही. ज्या आईचं राहिलंय तिला आशाताईंची, सिस्टरची, शेजारणीची बोलणी खायची भीती असते. ती दार लावून घेते. "सगळ्यांचीच आहे, चला" म्हटलं की तीच बाई बाळाला कडेवर घेऊन रांगेत उभी राहते.

एवढं सांगून आता "अवलंबून आहे" म्हणायची जागा येते. प्रत्येक साथीला सरसकट मोहीम हवीच असं नाही. निफाडकडचं एखादं हजार-दीड हजार वस्तीचं गाव, आशाताई तिथल्याच, घरटी ओळख, कार्डं डब्यात जपून ठेवलेली, आणि बाहेरून आलेला एकच रुग्ण. तिथे मी घरोघर जाऊन राहिलेल्यांनाच देईन आणि तीन आठवडे लक्ष ठेवीन. दाट वस्ती, भाड्याच्या खोल्या, दर सहा महिन्यांनी बदलणारे शेजारी, कार्डांचा पत्ता नाही, रुग्ण वेगवेगळ्या गल्ल्यांतून निघताहेत: तिथे सरसकट. तुमच्या वर्णनावरून तुमची वस्ती दुसऱ्या प्रकारची आहे.

वयोगटही रुग्णांकडे बघून ठरतो. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची जी मोठी मोहीम झाली ती नऊ महिने ते पंधरा वर्षांसाठी होती, म्हणून ती मुख्यतः शाळांतून झाली. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी, आपल्या जिल्ह्यात मालेगाव आणि तिकडे भिवंडीत गोवर वाढला, तेव्हा चित्र वेगळं होतं. करोनाच्या दोन वर्षांत नेहमीची लसीकरण सत्रं विस्कळीत झाली, त्या काळात जन्मलेली बरीच मुलं मागे राहिली. केंद्राने तेव्हा सल्ला दिला की धोक्याच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही एक डोस द्यावा. त्याला शून्य डोस म्हणतात. तो मोजायचा नाही. त्या बाळाला नवव्या महिन्याचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला, असे दोन्ही डोस वेळेवर मिळालेच पाहिजेत. हे मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण "त्याचं मोहिमेत झालं की" म्हणून नवव्या महिन्याचा डोस चुकवणारी घरं असतात. तुमच्याकडे रुग्णांत पाच वर्षांवरची मुलं बरीच असतील तर वयोगट वाढवा असं मेडिकल ऑफिसरना तुम्हीच विचारा. त्यांच्याकडे वयानुसार यादी असते.

आता नाशिकचं. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण मोहीम फसते ती विज्ञानात नाही, इथेच.

मोहिमेत सुटणारी मुलं कोण? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागातली कुटुंबं छाटणीला आणि मग जानेवारीपासून द्राक्षं काढायला निफाड, दिंडोरीत उतरतात. बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. बाळ सोबत असतं. मूळ गावच्या रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे "बाहेरगावी" लिहिलेलं असतं, आणि बाग असलेल्या गावात ते कुणाच्याच रजिस्टरमध्ये नसतं. वीटभट्ट्यांवर तेच. शहरात गंगापूर रोड, पाथर्डी फाटा अशा भागात इमारतींच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुलं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवती भाड्याने राहणारी उत्तरेकडची कुटुंबं. दोन्ही रजिस्टरं आपापल्या जागी शंभर टक्के भरलेली असू शकतात आणि तरी हे मूल दोन्हींत नसतं. गोवराला मात्र ते बरोबर सापडतं.

पथकाची वेळ हा दुसरा घोळ. सत्र दहा ते दुपारी असं ठरतं. बागेतला मजूर सकाळी सातला गेलेला असतो, बाई त्याच्यासोबत, बाळ बागेतच झोळीत. पथक पालांवर येतं, "कुलूप" लिहितं, निघून जातं. कुलूप लावायला तिथे दारसुद्धा नसतं, पण रकान्यात तसं भरलं जातं. अशा ठिकाणी पहाटे किंवा दिवेलागणीला जावं लागतं, आणि मुकादमाला आधी गाठावं लागतं. मुकादमाने "उद्या सकाळी निघायच्या आधी अर्धा तास" असं म्हटलं की अख्खी टोळी पोरं घेऊन उभी असते. बागाईतदाराला सांगितलं तर तोही ट्रॅक्टर देतो. त्याच्याही बागेत ताप नको असतो. शहरात मजूर जिथे सकाळी कामासाठी उभे राहतात ते नाके, आठवडी बाजार, रविवार: वेळ लोकांची धरायची. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी घरात वडील भेटतात, आणि बऱ्याच घरांत निर्णय त्यांचा असतो.

नकाराचा फार बाऊ केला जातो. २०१८-१९ च्या मोहिमेत लशीने मुलं पुढे वांझ होतात अशा अफवा फोनवरून फिरल्या होत्या, त्याचा त्रास काही भागांत झालाही. पण माझ्या कामात मला दिसलं ते असं, की ठाम नकार देणारी घरं मोजकी असतात आणि कुणी विचारलंच नाही म्हणून राहिलेली घरं त्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे पोस्टर-भाषणांवर जेवढा जोर लावतात त्यातला निम्मा नकाशावर लावावा. नकार देणाऱ्यांतही पुष्कळदा कारण साधं असतं: लसीनंतर पोराला ताप आला तर आईची दोन दिवसांची हजेरी बुडते. ती हे बोलून दाखवत नाही, "मालकांना विचारते" म्हणते. तिला ताप कधी येऊ शकतो, किती दिवस राहतो, पॅरासिटामॉल कसं द्यायचं हे नीट सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कुणी चौकशीला गेलं तर पुढच्या वेळी ती स्वतः शेजारणीला घेऊन येते. उरलेल्या ठाम घरांसाठी आमच्यासारख्यांनी जाऊन उपयोग नसतो. गल्लीतले खासगी डॉक्टर, मशिदीतले मौलाना, भजनी मंडळातले बुवा, त्या भागातली दाई, ज्यांचा शब्द तिथे चालतो त्यांनी जावं.

आणि देवी आल्याच्या समजुतीचं. गोवर अंगावर आला की कित्येक घरांत मुलाला बाहेर काढत नाहीत, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, फोडणी बंद करतात, दवाखान्यात नेत नाहीत. कडुनिंबाला माझी काही हरकत नाही. मुलाला घरात ठेवणं तर चांगलंच, पुरळ आल्यापासून किमान चार दिवस ते इतरांपासून वेगळं हवं, मी सात सांगतो. हरकत आहे ती खाणं-पिणं तोडायला आणि लपवायला. गोवरात मूल दगावतं ते बहुधा न्यूमोनियाने, जुलाबाने, आणि कुपोषित मुलाला धोका सगळ्यात जास्त. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात: वर्षाच्या आतल्या, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला एक लाख युनिट, वर्षावरच्या मुलाला दोन लाख. याने डोळे वाचतात आणि जीवही वाचतात. तुमच्या मंडळाने घरात झाकून ठेवलेली अशी दोन मुलं जरी दाखवून दिली तरी ते शंभर पत्रकं वाटण्यापेक्षा मोठं काम होईल. फक्त आवाज चढवून जाऊ नका. देव्हाऱ्याला नमस्कार करून बसा आणि मग बोला.

लस देताना काय बघायचं, हेही माहीत असू द्या, कारण मोहिमेच्या घाईत चुका तिथे होतात. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि तिच्यासोबत आलेल्या द्रावणातच मिसळायची असते. सामोआत साथ येण्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, दोन बाळं दगावली, कारण नर्सने द्रावणाऐवजी भूल देताना वापरायचं औषध लशीत मिसळलं. लस निर्दोष होती. पण लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण काही महिने थांबलं, आणि पुढच्या वर्षी साथ आली. म्हणून द्रावण लशीच्याच डब्यात, थंड, आणि जोडीनेच ठेवायचं. मिसळल्यापासून चार तासांत कुपी संपवायची, उरली तर फेकायची. फेकावी लागेल म्हणून "अजून चार मुलं जमू द्या, मग फोडू" असं कुणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा. एका मुलासाठीसुद्धा कुपी फोडायची असते. दारात आलेली आई परत गेली की ती पुन्हा येईल याची खात्री नाही. उजव्या दंडात, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर, प्रत्येकाला नवी सिरिंज. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचं.

सर्दी, किरकोळ जुलाब, अंग बारीक, अशा कारणांनी मूल परत पाठवायचं नाही. बारीक मुलाला तर आधी द्यायची. जोराचा ताप असलेलं, दवाखान्यात भरती, कर्करोगाचे उपचार चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेलं, आधीच्या डोसाला जिवावर बेतणारी ॲलर्जी आलेलं, अशा मुलांचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. मोठ्या वयोगटापर्यंत मोहीम गेली तर गरोदर मुलींना ती लस द्यायची नाही.

मोहीम संपल्यावर कागदावर "१०४ टक्के" असा आकडा दिसला तर टाळ्या वाजवू नका. मुलं शंभराहून जास्त कशी झाली? याचा अर्थ मूळ संख्याच चुकीची धरली होती, आणि मग नक्की किती राहिली ते कुणालाच माहीत नाही. माझी पद्धत अशी: पथक गेल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात जायचं, नाल्याकाठी, डोंगराच्या बाजूला, साइटच्या मागे. तिथे वीस मुलं शोधायची आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या बोटावरची शाईची खूण बघायची. दोन किंवा जास्त मुलं सुटलेली निघाली तर पथक त्या भागात पुन्हा बोलवायचं. हे काम मंडळाची चार पोरं एका संध्याकाळी करू शकतात आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. पथकाने चांगलं केलेल्या गल्लीत जाऊन तपासणं ही फोटोसाठी केलेली तपासणी.

तर थोडक्यात: पहिल्या-दुसऱ्या फळीतल्या मुलांसाठी उशीर झाला आहे, तिसरीसाठी नाही. यादी पक्की असती तर निवडक लसीकरण पुरलं असतं, पण साथ आली हाच यादी पक्की नसल्याचा पुरावा. आणि मोहिमेचं यश टोचलेल्यांच्या संख्येपेक्षा कोपऱ्यातल्या सुटलेल्यांवर ठरतं.

मंडळाकडून मी तीन कामं मागेन. पहिलं, मोहिमेच्या दोन दिवस आधी नर्स आणि आशाताईंना बरोबर घेऊन वस्तीचा नकाशा हाताने काढा आणि त्यात गेल्या सहा महिन्यांत आलेल्या बिऱ्हाडांवर खूण करा. भाड्याने खोल्या देणाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. दुसरं, मोहिमेच्या दिवसांत पथकासोबत गल्लीतली एक ओळखीची बाई असू द्या, पुरुष कार्यकर्त्यांची गर्दी नको. तिसरं ते वर सांगितलं, दुसऱ्या दिवशीची वीस मुलं. त्यात सापडलेल्या नव्या मुलांची नावं वहीत ठेवून घेऊ नका, त्याच आठवड्यात आशाताईंच्या यादीत चढवा, म्हणजे पुढच्या महिन्यात नेहमीच्या सत्राला त्यांना बोलावणं जाईल.

शेवटी तुम्ही तुमच्या भाच्याबद्दल विचारलं होतं, तीन वर्षांचा, दोन्ही डोस झालेले, घरात सगळे शिकलेले, त्याला द्यायची का. द्या. आधीचा डोस होऊन चार आठवडे उलटले असले की झालं, आणि त्याच्या बाबतीत ते कधीच उलटले आहेत. सकाळच्या पहिल्या रांगेतच उभं करा त्याला. तुमच्या घरचं मूल आधी उभं दिसलं की मागच्या बऱ्याच जणांचे प्रश्न तुम्हाला तोंडी सोडवावे लागणार नाहीत.